कॉपी, वशिला आणि आम्ही

गेल्या उन्हाळी परीक्षेच्या दिवसांतली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. वीज गेली होती म्हणून आम्ही अंगणात खाट टाकून बसलो होतो. फाटकाशी सायकल थांबली.

“जयभीम भाऊ. झोपले तं नाही ना जी?”

आवाज ओळखीचा होता. आमच्याच वस्तीतले, राईस मिलमध्ये पोती वाहणारे गृहस्थ. त्यांचा मोठा मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. त्यांच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला हा पहिलाच. दोन वर्षे तो विहारातल्या आमच्या अभ्यासिकेत येत असे. फार हुशार म्हणता येणार नाही, पण कष्टाळू. पहाटे वर्तमानपत्रे वाटायची, मग कॉलेज, संध्याकाळी अभ्यासिका.

गृहस्थ खाटेच्या कडेवर टेकले, पाणी प्यायले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोट्ट्याले पकडलं जी. कॉस्टिंगच्या पेपरात. खिशात झेरॉक्स होती.”

ज्या वाचकांची परीक्षा फार पूर्वी होऊन गेली, त्यांच्यासाठी सांगतो. हल्ली चिट हाताने लिहीत नाहीत. गाईडचे पान लहान करून त्याची मायक्रो झेरॉक्स काढतात. बसच्या तिकिटाएवढ्या कागदावर चार प्रश्नांची उत्तरे मावतात. आमच्या वेळी चिट लिहिता लिहिता निम्मा अभ्यास तरी होऊन जात असे. झेरॉक्समुळे तोही गेला.

बोलता बोलता गृहस्थांनी रुमालाची गाठ सोडली. आत नोटा होत्या. “भाऊ, तुमची तिकडं विद्यापीठात ओळख हाय म्हणतेत. चौकशी बसायच्या आंधी कागद इकडचा तिकडं झाला तं पोराचं वर्ष वाचंल.”

ओळख होती, हे आम्ही येथे कबूल करतो. कारकुनाची कारकुनाशी असते तशी. तो माणूस असली कामे करणारा नव्हे. फोन केला असता तर त्याने आम्हाला झिडकारलेच असते. तरीही क्षणभर हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. समोर बसलेल्या माणसाच्या खांद्यावर पोत्यांचे घट्टे होते. अशा वेळी तत्त्वे आठवत नाहीत, माणूस दिसतो.

आम्ही नाही म्हणालो. पैसे ठेवून घ्या म्हणालो. मुलाला उद्या आमच्याकडे पाठवा, चौकशी समितीपुढे काय लिहायचे ते बसून पाहू, असेही म्हणालो.

गृहस्थांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. उठता उठता ते जे बोलले ते आम्हाला आजही सुन्न करते. “मोठ्या लोकाइच्या पोराइचं सगळं खपते भाऊ. त्याइचे मार्क वाढतेत, त्याइच्यासाठी पेपर फुटतेत. कायदा काय आपल्याच पोट्ट्यासाठी हाय का?”

त्या रात्री आम्हाला उत्तर सुचले नाही. आजचे हे सदर म्हणजे त्यांना दिलेले उशिराचे उत्तर आहे. ते हे सदर वाचतात की नाही, कोण जाणे.

पहिली गोष्ट ही, की त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्याने नागपूर विद्यापीठाची पदवी घेतली त्याला तर ते खोटे म्हणताच येणार नाही. १९९९ साली आम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्याच वर्षी १ मे रोजी गोंदिया जिल्हा आपल्या भंडाऱ्यापासून वेगळा झाला, आणि त्याच वर्षी विद्यापीठातला गुणवाढीचा घोटाळा बाहेर आला. पैसे मोजायचे आणि पुनर्मूल्यांकनाच्या नावाखाली गुण वाढवून घ्यायचे, असा तो व्यवहार होता. अधिकारी, कर्मचारी, मध्यस्थ, विद्यार्थी, सगळ्या पायऱ्यांवरची माणसे आरोपी झाली. खटले वर्षानुवर्षे चालले. काहींत शिक्षा झाल्या, काहींत आरोपी सुटले. आमच्या मित्रांची मुले कॉलेजात जाण्याइतकी मोठी झाली तरी वर्तमानपत्रात अधूनमधून त्याच प्रकरणाच्या तारखा छापून येत होत्या.

विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालेले. २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. मधल्या काळात हजारो मुलांनी तेथून पदव्या घेतल्या, त्यात खेड्यापाड्यांतून एस.टी.ने येऊन, नातलगांच्या घरी राहून शिकलेली आपली मुले किती तरी. घोटाळा करणारे मूठभर. पण त्याचा भुर्दंड कोणी भरला?

आम्ही भरला, तो असा. पदवी हाती आल्यावर एका खासगी कचेरीत हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. साहेबांनी आमची गुणपत्रिका हातात घेतली, उजेडाकडे धरली, उलटी करून पाहिली. म्हणाले, “नागपूर युनिव्हर्सिटी का? मग हे मार्क तुमचेच कशावरून?” खोलीतले बाकीचे तिघे हसले. आम्हाला ५८ टक्के होते. विकत घ्यायचेच असते तर ५८ कोणी घेतले असते? हे उत्तर सुचले, पण जिना उतरताना. तोंडावर मात्र आम्हीही थोडे हसलो. ते हसणे अजून सलते. नोकरी मिळाली नाही हे सांगायला नकोच.

नंतर विचार करता लक्षात आले की त्या संशयाचे आमच्यासाठी दोन पदर होते. एक विद्यापीठाचा. दुसरा, अर्जातल्या जातीच्या रकान्याचा. आपल्या मुलाची पदवी हातात घेताना समोरचा आधीच भुवई उंचावून बसलेला असतो. ‘सवलतीत आलेला’ हा शेरा त्याच्या मनात तयार असतो. ज्याच्या पदवीवर कोणीच शंका घेत नाही, त्याने कॉपी केली तर त्याचे खपून जाते, हे गृहस्थांचे म्हणणे खरेच. पण ज्याच्या पदवीवर आधीच शंका आहे, त्याच्यातल्या एकाने कॉपी केली की उरलेल्या शंभर जणांना आपले मार्क आपलेच आहेत हे आयुष्यभर सिद्ध करीत बसावे लागते. तेव्हा कायदा आपल्याच पोरासाठी आहे का, याचे आमचे उत्तर: कायदा सर्वांसाठी आहे, तो मोडल्याचे बिल मात्र आपल्याकडे जास्त येते. हे अन्यायाचे आहे. पण आहे.

आता कोणी म्हणेल, हे सदर लिहिणारे स्वतः कोठले धुतल्या तांदळासारखे? म्हणून तेही सांगून टाकतो. कॉलेजात आमचे अक्षर बरे होते. वर्गातल्या सात-आठ जणांच्या गृहपाठाच्या वह्या आम्ही लिहून देत असू, एका वहीला पाच रुपये. त्यातून आमचा एस.टी.चा पास निघे. ती चोरी आहे असे तेव्हा मनाला शिवलेही नाही. आम्ही तर कष्ट करीत होतो! कंदिलाच्या उजेडात रात्री बारापर्यंत लिहीत होतो. आज वाटते, त्या सात-आठ जणांपैकी एकाला तरी ताळेबंद जमवायला शिकवले असते तर बरे झाले असते. त्यातला एक जण पुढे पतसंस्थेत लागला. दरमहा हिशेब जुळला नाही की तो आमच्याकडे धावत येई. त्याची वही आम्ही लिहिली होती, पण नोकरी त्याची तो करीत होता.

आता अलीकडचे पाहू. शिक्षक पात्रता परीक्षा, जिला सगळे टीईटी म्हणतात, तिची २०१९ सालची परीक्षा प्रत्यक्षात जानेवारी २०२० मध्ये झाली. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच अटक केली. पैसे घेऊन नापासांना पास केल्याचा आरोप. पुढे २०२२ साली साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. हे शिक्षक व्हायला निघालेले लोक होते, म्हणजे उद्या वर्गात उभे राहून ‘कॉपी करू नका’ असे सांगणारे.

आणि बार्टीचे प्रकरण तर आपल्या घरातलेच. डॉ. बाबासाहेबांच्या नावाच्या त्या संशोधन व प्रशिक्षण संस्थेची, आणि तिच्याबरोबर सारथी व महाज्योतीची, पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देण्यासाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी एक सामाईक परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका निघाली २०१९ च्या सेट परीक्षेची, जशीच्या तशी! आक्षेप परीक्षार्थींनीच घेतला. १० जानेवारी २०२४ रोजी पुन्हा परीक्षा ठेवावी लागली, तेव्हाही प्रश्नपत्रिकांच्या सीलवरून गोंधळ झाला आणि अनेकांनी बहिष्कार घातला. संशोधन म्हणजे नवे शोधणे. ते कोणाला जमेल हे तपासणारी प्रश्नपत्रिकाच जुनी उचललेली. विद्यार्थ्याने असे केले तर त्याला काय म्हणतात, ते आपण जाणतोच.

या प्रकरणात आम्हाला एक गोष्ट मोलाची वाटली. ज्यांनी जुने पेपर सोडवून तयारी केली होती, त्यांना त्या दिवशी गप्प राहणे सोयीचे होते. पेपर सोपा गेला म्हणून घरी जाता आले असते. तरी परीक्षार्थींमधूनच आवाज उठला. त्यांना कोणी हार घातले नाहीत.

वाचकांपैकी काही म्हणतील, सरकारने आता कडक कायदा केला आहे ना? केला आहे. केंद्राचा २०२४ चा कायदा आहे. पेपर फोडणाऱ्या टोळ्यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड. पण तो केंद्रीय पातळीवरच्या मोठ्या परीक्षांसाठी आहे आणि त्याचा रोख टोळ्यांवर आहे. आपल्या राज्यात विद्यापीठाच्या व बोर्डाच्या परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ सालापासून कायदा आहे. चाळीस वर्षे उलटून गेली. झेरॉक्सवाल्याचे दुकान परीक्षेच्या आदल्या रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, हे कोणत्याही कॉलेजच्या चौकात उभे राहून पाहावे.

चिट पकडता तरी येते. ज्याला पकडणे कठीण, ती गोष्ट प्रोजेक्टची. कॉम्प्युटरच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात. नाव, रोल नंबर आणि कॉलेज तेवढे बदलायचे, स्पायरल बाइंडिंग करायचे, झाले. एकदा असा एक प्रोजेक्ट आमच्या हाती आला. बाहेर ठळक अक्षरांत ‘भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या’. आत सातव्या पानावर कोल्हापूरच्या गुऱ्हाळांची माहिती, गुळाच्या भावासकट. तपासणाऱ्याने त्या पानावर लाल शाईने बरोबरची खूण केली होती! म्हणजे लिहिणाऱ्याने वाचले नव्हते आणि तपासणाऱ्यानेही वाचले नव्हते. गूळ बिचारा कोल्हापूरहून इथवर येऊन वाया गेला.

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने मात्र खरा प्रोजेक्ट केला. विषय विडी वळणाऱ्या बायांचा. तिची आजी विड्या वळायची, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या बाया ओळखीच्या. पंचवीस बायांना विचारायचे ठरवले, बोलल्या चौदा. बाकीच्यांना वाटले, ही ठेकेदाराला जाऊन सांगेल. तिने दिवसाला किती विड्या, मजुरी किती, कार्ड आहे की नाही, खोकला कोणाला, डोळे कोणाचे गेले, सगळे वहीत लिहिले. पाने भरली अठरा. मैत्रिणीचा विकतचा प्रोजेक्ट साठ पानांचा. मैत्रिणीला पन्नासपैकी एक्केचाळीस, हिला एकोणतीस. ती आमच्यासमोर येऊन बसली, रडली नाही, पण म्हणाली, “काका, मी मूर्ख हाव का जी?”

याचे उत्तर आम्ही तिला पटेल असे देऊ शकलो नाही. तिचे एकोणतीस खरे होते असे सांगणे सोपे. ते घेऊन ती प्रवेशाच्या यादीत मैत्रिणीच्या खाली जाणार होती, हेही तितकेच खरे. आम्ही एवढेच केले की तिची वही प्राध्यापकांना दाखवायला तिच्याबरोबर गेलो. त्यांनी वही चाळली, चांगले आहे म्हणाले. गुण बदलले नाहीत. ते नियमाने बदलताही येत नव्हते, आणि ज्या वशिल्याला आम्ही दुसऱ्याच्या बाबतीत नाही म्हणालो, तो येथे कसा चालावा?

याच मुलीने नंतर एका रविवारी विहारात पंचशील घेऊन झाल्यावर विचारले, “काका, न दिलेलं घ्याचं नाही म्हणतो आपण. मंग मोबाईलले विचारून लिहिलं तं? तो तं सोताच देते.” मुले हसली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि आता तसे आणखीही निघाले आहेत. विषय सांगा, निबंध तयार. तो कोठून उतरवलेला आहे हे सापडत नाही, कारण तो त्या शब्दांत आधी कोठे नसतोही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत ते प्रबंध-लेखनातील उचलेगिरीसाठी. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करा. साठपर्यंत असेल तर एक वर्ष बंदी. त्यावर असेल तर नोंदणीच रद्द. हा हिशेब दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य मोजण्याचा आहे. मोबाईलने नवेच वाक्य बनवून दिले तर त्याचे साम्य कोणाशी मोजणार?

आम्ही बी.कॉम. झालेला कारकून, आम्हाला या यंत्राचे पोट कळत नाही. आम्ही तिला आमच्या धंद्यातले सांगितले. कचेरीत कॅल्क्युलेटर वापरला तर कोणी चोर म्हणत नाही. पण बेरीज चुकली तर सही कोणाची आहे ते पाहतात, कॅल्क्युलेटरला नोटीस निघत नाही. मोबाईलला विचारून समजून घे, खुशाल घे. मग तो बंद कर आणि तुझ्या शब्दांत लिही, आणि कोणाला विचारले ते खाली लिही. तुझ्या त्या चौदा बाया त्याला माहीत नाहीत, त्या तूच आणल्यास. यावर ती बरे म्हणाली. पटले की नाही, ते पुढच्या प्रोजेक्टला कळेल.

आता जी गोष्ट त्या मुलाला सांगितली, तिच्याकडे येतो. वडील येऊन गेल्यावर दोन दिवसांनी तो आला. अभ्यासिकेत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली जो बाक आहे, त्यावर नेहमी बसणारा मुलगा त्या दिवशी दाराशीच उभा राहिला. आम्ही त्याला आत घेतले आणि चिटचा विषयच काढला नाही. त्याला दोन जुन्या गोष्टी सांगितल्या.

एक लंडनची. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो परत लिहायला सांगितला. इंग्रज सरकारच्या चलन-धोरणावर त्यात कडक टीका होती. पैसे संपत आले होते. बाबासाहेब मुंबईला परतले. त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये पाठवला, नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षअखेर तो पुस्तकरूपाने निघाला, आणि त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी. त्या प्रस्तावनेत गुरूंनी शिष्याशी अनेक मुद्द्यांवर मतभेद असल्याचे उघड लिहिले आहे, आणि बाबासाहेबांनी ती तशीच छापली. आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर आपल्याविरुद्धचे मत छापणारा विद्यार्थी! आम्हाला या प्रसंगाचे नवल दरवेळी नव्याने वाटते.

दुसरी गोष्ट आपल्या भंडाऱ्याची. १९५४ साली बाबासाहेब येथून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. मतदारसंघ दुहेरी होता: एक सर्वसाधारण जागा, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागा अनुसूचित जातीच्या सर्वाधिक मते घेणाऱ्या उमेदवाराला, आणि उरलेली जागा बाकी सर्वांत जो पुढे असेल त्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला की आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये, ते कुजवावे. म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांची मते घटतील आणि राखीव जागा हुकली तरी बाबासाहेब दुसऱ्या जागेवर निवडून येतील. हिशेब पक्का होता. कायद्यानेही त्याला मनाई नव्हती. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्या राज्यघटनेने मताचा हक्क दिला, ती लिहिणाऱ्यानेच मत वाया घालवा असे कसे सांगावे, असा त्यांचा विचार होता. ही हकीकत जुने कार्यकर्ते सांगत आणि चरित्रग्रंथांतूनही ती आली आहे. निकाल लागला तेव्हा राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी निवडून आले. दुसऱ्या जागेवर अशोक मेहता आले. बाबासाहेब पडले. त्यानंतर ते लोकसभेत कधीच गेले नाहीत.

मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, “पण काका, ते पडले ना जी.”

हो, पडले. आम्ही त्याला दुसरे काही सांगितले नाही, कारण दुसरे काही खरे नव्हते.

मग त्याने खिशातून एक कागद काढला. समितीला द्यायचा जबाब त्याने लिहून आणला होता. ‘सदर चिठ्ठी माझी नाही. ती बाकाखाली पडलेली होती. पर्यवेक्षकांचा गैरसमज झाला आहे.’ मित्रांनी सांगितलेला मजकूर. सगळे असेच लिहितात म्हणे. आमच्याकडे तो कागद भाषा सुधारण्यासाठी आणला होता, कारण आमचा अर्ज-मसुद्यात हात चालतो हे वस्तीला ठाऊक आहे.

आम्ही कागद परत दिला. म्हणालो, यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, त्या दुरुस्त करू. बाकीचे तुझे तू पाहा. त्या पर्यवेक्षक बाईंनी तुझ्या खिशातून चिट काढली; तू हे दिलेस तर त्या खोट्या ठरतील, हेही पाहा. तो बराच वेळ बसून राहिला. अभ्यासिका बंद करायची वेळ झाली, आम्ही पंखा बंद केला, खुर्च्या लावल्या. तेव्हा त्याने आमचे पेन मागितले.

त्याने काय लिहिले ते आम्ही वाचले नाही. समितीपुढे काय झाले ते त्याने नंतर तीन वाक्यांत सांगितले: चिट माझी होती असे लिहून दिले, त्यांनी वडील काय करतात ते विचारले, निकाल रद्द झाला. खरे लिहिले म्हणून शिक्षा कमी झाली असे काही घडले नाही. खोटे लिहिणाऱ्या एकाला संशयाचा फायदा मिळून तो सुटला, हेही त्यानेच सांगितले, आणि सांगताना आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की आम्ही दुसरीकडे पाहू लागलो.

पुढचे चार महिने तो अभ्यासिकेत फिरकला नाही. राईस मिलवर बापाबरोबर जात होता असे कळले. आमच्या घरातूनही आम्हाला ऐकावे लागले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “तुमचं तत्त्व, आणि पोतं त्याच्या पाठीवर.” हे वाक्य आम्ही येथे मुद्दाम छापत आहोत, कारण ते खोडता येत नाही.

दिवाळीनंतर हिवाळी परीक्षेचे फॉर्म निघाले तेव्हा तो आला. फी भरण्यासाठी शंभर रुपये कमी पडत होते, तेवढे मागितले. कॉस्टिंगची गणिते कोण शिकवेल, हेही विचारले. आम्हाला पंचवीस वर्षांपूर्वीचे कॉस्टिंग कितीसे आठवणार? प्रोसेस कॉस्टिंगचे पहिलेच उदाहरण आम्ही चुकवले, ॲबनॉर्मल लॉस चुकीच्या बाजूला टाकला. त्याने ते दाखवून दिले. आता बुधवारी व शनिवारी तोच बाकीच्या मुलांना ते उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवतो, आणि आम्ही मागे बसतो.

त्याचे वडील रस्त्यात भेटतात. जयभीम घेतात, देतात. सायकलवरून उतरत नाहीत. पूर्वी उतरत असत.

प्रोजेक्टसाठी मदत हवी असलेल्या मुलामुलींनी रविवारी दुपारी चार वाजता अभ्यासिकेत यावे. यंदा विषय आम्ही सुचवणार नाही. तुमच्या गल्लीत काय चालते ते पाहून तुम्हीच घेऊन या. पितळी भांड्यांचे कारागीर, आठवडी बाजार, कोष्ट्यांचे माग, तलावांवरची मासेमारी, आपल्या जिल्ह्यात विषयांना तोटा नाही. येताना वही आणावी. विडी वळणाऱ्या बायांवर लिहिणारी आमची मुलगी, माणसांना प्रश्न कसे विचारावेत आणि ती बोलली नाहीत तर काय करावे, हे सांगणार आहे. गुऱ्हाळाची माहिती हवी असल्यास ती आमच्याकडे सातव्या पानावर उपलब्ध आहे.